हट्ट्याच्या पायऱ्या

मराठवाड्याच्या फेरीला निघालेला पुण्यामुंबईचा माणूस वेरूळ-अजिंठा पाहतो, औंढ्याला नागनाथाचे दर्शन घेतो, नांदेडला गुरुद्वाऱ्यात डोके टेकतो आणि घरी परततो. परभणीहून वसमतकडे जाताना हट्टा नावाचे गाव लागते, तिथे तो सहसा उतरत नाही. एस्.टी. थांबते, दोन बाया पाटी घेऊन चढतात, एखादा म्हातारा काठी टेकत उतरतो आणि गाडी पुढे निघते. अशी शेकडो गावे महाराष्ट्रात आहेत आणि त्यांच्यावाचून प्रवाशांचे काही अडत नाही.

परंतु हट्ट्याला पाहण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. एक जुनी दगडी बारव. तिची छायाचित्रे पाहून हल्ली दुरून हौशी मंडळी येऊ लागली आहेत. दुसरी गोष्ट म्हणजे पाराजवळ संध्याकाळी जमणारी पाचसात माणसे. त्यांचे छायाचित्र कोणी काढीत नाही, कारण ती काही करताना दिसत नाहीत. न करणे हेच त्यांचे काम आहे. ती तंबाखू खात नाहीत.

वाचक म्हणतील, यात काय विशेष? आम्हीही खात नाही! पण ज्याने चाळीस वर्षे खाल्ली आणि मग सोडली, त्याचे न खाणे आणि आपले न खाणे यांत, उपास आणि उपासमार यांत असतो त्यापेक्षाही मोठा फरक आहे. मला तो कळला तो आमच्या दादांमुळे.

दादा म्हणजे माझे थोरले मावसभाऊ. वसमत तालुक्यातल्या शाळांतून त्यांनी हयातभर प्राथमिक शिक्षकाचे काम केले आणि निवृत्तीनंतर परभणीला घर बांधले. माणूस निष्ठावंत. पाढे, शुद्धलेखन आणि तंबाखू या तिघांवरही त्यांची सारखीच निष्ठा. मुलांच्या दप्तरात पुडी सापडली की हातावर छडी बसायची, आणि जप्त केलेली पुडी कोठे जायची हे सगळ्या वर्गाला ठाऊक असायचे. तंबाखूबरोबर सुपारीचे खांडही लागायचे. वहिनींनी रडून पाहिले, मुलींनी शपथा घातल्या, नातवाने चंची गच्चीवरून फेकून दिली. दादा हसत जिना उतरून ती घेऊन आले.

मग एकदा दाढ दुखली म्हणून दाताच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी दाढ पाहण्याआधी सांगितले, ‘‘गुरुजी, तुमच्याच हाताची तीन बोटे एकावर एक धरून तोंडात घालून दाखवा.’’ निरोगी माणसाची तीन बोटे सहज जातात. दादांची दोन गेली. गालाची आतली कातडी पांढुरकी आणि चामड्यासारखी ताठ झाली होती. सुपारी-तंबाखू खाणाऱ्यांना होणारा हा विकार. तोंड हळूहळू आखडत जाते, आणि काहींच्या बाबतीत पुढे कर्करोगही उद्भवतो. डॉक्टरांनी भीती घातली नाही, दम दिला नाही. तारीख ठरवा, एवढेच म्हणाले. दादांनी श्रावणातला पहिला सोमवार ठरवला.

मी परभणीला पोहोचलो तेव्हा तो सोमवार होऊन नऊ दिवस झाले होते. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ असे त्या गावाबद्दल म्हणतात. त्या आठवड्यात दादांच्या घरी काहीच बनत नव्हते. झोप नाही, डोके जड, पोट साफ नाही, आणि राग असा, की वर्तमानपत्र उलटे घडी केले म्हणून वहिनींवर गरजले. तंबाखूतले निकोटिन बंद झाले की असे व्हायचेच. पहिले तीनचार दिवस सर्वांत वाईट, आणि तीनचार आठवड्यांत बहुतेक त्रास ओसरतो, हे डॉक्टरांनी सांगून ठेवले होते. पण ऐकलेले दिवस आणि काढायचे दिवस सारख्या लांबीचे नसतात. अशातच हट्ट्याहून त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. दादांच्या हातची छडी ज्याने पुडीपायी अनेकदा खाल्ली होती, तोच हा. आता पन्नाशीला आलेला शेतकरी. तो म्हणाला, ‘‘गुरुजी, एकदा हट्ट्याला या. तुमी आमाला शिकिवलं, आता आमी तुमाला शिकिवतो.’’

आम्ही सकाळच्या गाडीने निघालो. श्रावणातला मराठवाडा ज्याने पाहिला नाही त्याने मराठवाड्याला उगाच रुक्ष म्हणू नये. दोन्ही बाजूंना काळी माती, तिच्यावर सोयाबीन, कापूस आणि मधूनमधून हळदीची रुंद, हिरवीगार पाने. हळद हे या भागाचे सोने. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा निघाला, पण परभणीच्या माणसाला तो अजून आपल्याच वाड्याचा मागचा चौक वाटतो.

गाडीने वेग घेतला, तोच पुढच्या बाकावरचा एक फेटेवाला मागे वळला आणि दादांचा चेहरा क्षणभर न्याहाळून म्हणाला, ‘‘पावणं, चुना हाय का?’’

ओळख नाही, पाळख नाही. पण हजारांतून आपला माणूस ओळखावा तसे त्याने दादांना ओळखले होते. एकाजवळ पुडी असते, दुसऱ्याजवळ चुन्याची डबी. एकाने मळायची, दुसऱ्यापुढे तळहात करायचा, दुसऱ्याने चिमूट घ्यायची, मग पाऊसपाणी, पोराचे लग्न, बाजारभाव. कोणा अनोळखी माणसाशी बोलायला शहरात आपल्याला निमित्त सापडत नाही. इथे ते चार आण्याच्या डबीत मिळत आले आहे. दादा म्हणाले, ‘‘सोडली.’’ फेटेवाल्याने ‘‘बरं केलं’’ म्हटले, पण त्याच्या चेहऱ्यावर जे उमटले ते कौतुक नव्हते. दारावर थाप मारावी आणि आतून कडी लागल्याचा आवाज यावा, तसे त्याला झाले असावे. तो पुढे वळला आणि उरलेली वाट आमच्याशी बोलला नाही. दादा खिडकीबाहेर पाहत राहिले. तंबाखू सोडणाऱ्याला काय काय सोडावे लागते, याचा हिशेब मला प्रथम त्या बाकावर समजला.

या दख्खनच्या मुलखाला हे व्यसन काही नवे नाही. पोर्तुगीजांनी तंबाखू अमेरिकेतून हिंदुस्थानात आणली. अकबराचा सरदार असदबेग विजापूरला गेला होता, तो १६०४-०५ च्या सुमारास परतताना तंबाखू आणि नक्षीदार हुक्का घेऊन आग्र्याला गेला; म्हणजे दिल्लीपतीला ही चीज दाखवली ती आपल्या दक्षिणेने. पुढे १६१७ साली जहांगीराने तिच्यावर बंदी घातली, आणि तंबाखूने ती बंदी चिलमीच्या धुराइतकीच मनावर घेतली. त्यानंतरच्या चारशे वर्षांत ती महाराष्ट्राच्या घराघरांत शिरली. पुरुषांची चंची, म्हाताऱ्यांची चिलीम, बायकांची मशेरी, पोरांचा गुटखा. २०१६-१७ सालच्या देशव्यापी पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी शंभरात सव्वीसाहून अधिक माणसे तंबाखूच्या आहारी असल्याचे आढळले. गंमत अशी, की त्यांत ओढणारे फक्त सहा, आणि तोंडात ठेवणारे चोवीस. काही दोन्ही करणारे. ‘सिगारेट वाईट’ हे आपण शहरात फार बोलतो, पण महाराष्ट्राचे दुखणे धुरात नाही, गालात आहे.

हट्ट्याच्या थांब्यावर विद्यार्थी उभाच होता. भर रस्त्यात तो दादांच्या पाया पडला. ‘‘आधी बारव दावतो, मग चहा,’’ म्हणाला. मला वाटले, पाहुणा शहरातला म्हणून हा मान माझा. तसे नव्हते. त्यालाही काही सांगायचे होते, आणि ते तिथेच सांगायचे होते.

हट्ट्याची बारव पाहून माणूस प्रथम गप्प होतो. वरून काहीच कळत नाही. काठावर यावे, तो जमीन एकदम पायाखालून निसटते आणि चौकोनी विहीर चारी बाजूंनी पायऱ्यापायऱ्यांनी निमुळती होत खाली उतरत जाते. पायऱ्यांचेही पुन्हा टप्पे. एकातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा, जणू कोणी दगडाची घडी घालून ठेवली आहे. भिंतीत लहान लहान देवकोष्ठे. तळाशी हिरवे पाणी, आणि त्यात आभाळाचा एक चौकोनी तुकडा. बांधणी यादवकालीन म्हणून सांगतात. देवगिरीच्या यादवांचा तेराव्या शतकातला कर्तबगार मंत्री हेमाद्री, त्याच्यावरून आपण जिला हेमाडपंती म्हणतो तीच ही रीत. दगडात दगड असा बसवायचा की मध्ये काही भरावे लागू नये.

विद्यार्थी दोन पायऱ्या उतरून एका सांध्यावर हात ठेवून म्हणाला, ‘‘गुरुजी, हे बगा. सातशे वर्सं झाली, चुन्याबिगर उभी हाय.’’

दादा नऊ दिवसांत प्रथमच मनापासून हसले. दोन बोटांएवढ्याच उघडणाऱ्या तोंडाने हसले, पण हसले.

मग तो आम्हांला शेवटच्या कोरड्या पायरीवर घेऊन बसला आणि बोलू लागला. त्याच्या थोरल्या भावाच्या जबड्याचे ऑपरेशन झाले. भाऊ जगला, पण पातळ अन्नावर. त्या दिवसापासून याने पाच वेळा तंबाखू सोडली आणि पाच वेळा धरली. ‘‘एकट्यानं सोडाया बसलं की तंबाखू मोठी होती अन् माणूस ल्हान,’’ तो म्हणाला. शेवटी त्याने आणखी चौघांना गाठले. आपल्याकडे गेल्या काही वर्षांत बारवा साफ करण्याची चळवळ गावोगावी पसरली आहे. गाळ उपसायचा, झुडपे काढायची, महाशिवरात्रीला पायऱ्यांवर दिवे लावायचे. त्या कामाचे एक शहाणपण या माणसाने बरोबर उचलले. बारवेचा गाळ एकट्याने निघत नाही. खालच्याने घमेले भरायचे, मधल्याने झेलायचे, वरच्याने टाकायचे. साखळीत एक जण नसला तर घमेले तिथेच थांबते. तंबाखूचेही तसेच करायचे त्यांनी ठरवले.

संध्याकाळी ही साखळी पाराजवळ पाहायला मिळाली. त्यात उपदेशक कोणी नाही, अध्यक्ष नाही, फलक नाही. दुकानदार, दोन शेतकरी, एक टेंपोवाला, एक निवृत्त पोस्टमन, आणि कडेला बसलेला तो भाऊ. तो फारसा बोलत नाही, पण रोज येतो. प्रत्येकाजवळ जुनीच चंची आहे. आत मात्र बडीशेप, लवंग, भाजलेला ओवा. ‘‘हाताला सवय असती ना वो,’’ पोस्टमन म्हणाला, ‘‘हात मोकळा ऱ्हायला की तो पुडी हुडकतो.’’ तंबाखूचे पैसे एका डब्यात जातात. रोजचे वीस धरले तरी वर्षाचे सात हजार तीनशे होतात. एकाने त्यातून मुलीला सायकल घेतली, आणि ती सायकल साऱ्या गावात ‘पुडीची सायकल’ म्हणून ओळखली जाते.

नियम तीनच. तलफ आली की साखळीतल्या कोणालाही फोन करायचा. तो रानात असो की ताटावर, त्याने उचलायचा. दुसरा, कोणी चुकून खाल्ली तर लपवायची नाही. तिसरा, ज्याने खाल्ली त्याला कोणी हसायचे नाही. मी म्हटले, ‘‘आणि फोन उचलून सांगता काय?’’ टेंपोवाला म्हणाला, ‘‘काई नाई. सोयाबीनला काय भाव निघाला ते इचारतो. धा मिन्टं बोललं की तलफ जाती.’’

हे त्याने कोणत्या पुस्तकात वाचलेले नाही; पण पुस्तकांत तेच आहे. तलफेची एक लाट पाचदहा मिनिटांची असते. ती थोपवायची नसते, निघून जाऊ द्यायची असते. समुपदेशन करणारे सांगतात, थोडा वेळ टाळा, दीर्घ श्वास घ्या, घोटघोट पाणी प्या, हात दुसऱ्या कामात घाला. यांत पाचवी गोष्ट हट्ट्याने घातली आहे : कोणाशी तरी बोला.

मंडळींत थोड्या वेळाने गावातली आशाताई आली. तिशीतली, चपळ, आणि बोलण्यात कोणाला न ऐकणारी. तीस वर्षांवरच्या प्रत्येक माणसाचा एक कागद तिला भरावा लागतो. त्यात तंबाखू खाता का, हा प्रश्न असतो. ती म्हणाली, ‘‘दादा, पयले मी इचारायची, खाता का? अन् सांगायची, सोडा. सगळे हो म्हणायचे, कोणीच सोडायचं नाही. आता मी इचारते, दिवसातून कव्हा कव्हा लागती?’’ एवढ्या एका प्रश्नाने माणूस बोलता होतो. उठल्यावर, चहावर, औत धरताना, जेवणावर, भांडण झाल्यावर. मग त्यातली सर्वांत सोपी वेळ आधी सोडवायची, सर्वांत अवघड शेवटी. तिने दादांना कागदपेन्सिल दिली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्या तपासणाऱ्या दादांनी मुकाट्याने आठ वेळा लिहिल्या आणि वही तपासायला द्यावी तसा कागद तिच्यापुढे धरला. ‘‘सकाळी अंघुळीच्या आधीची लई अवघड दिसते,’’ ती म्हणाली. दादा लाजले. ‘‘कोमट पाणी प्या अन् अंगणात दहा चकरा मारा. जमतं.’’

मग तिने मला बाजूला घेऊन जे सांगितले ते पाराजवळ बोलण्यासारखे नव्हते. पुरुषांचे निदान दिसते तरी. बायकांची मशेरी कोणाला दिसत नाही. तव्यावर भाजलेली तंबाखू सकाळी दाताला लावायची, ती दुपारी भुकेला, संध्याकाळी शिणाला. हळदीच्या हंगामात शिजवणे, वाळवणे, निवडणे यांत दिवस जातो. भूक मारायला डबीसारखे स्वस्त औषध नाही. आणि विचारायला गेले तर सासूपुढे सून ‘मी नाही लावत’ म्हणते. दिवस गेलेल्या बाईलाही ती सुटत नाही. मुंबईत १,२१७ गरोदर स्त्रियांची पाहणी झाली होती, ती २००४ साली प्रसिद्ध झाली. तीत मशेरीसारखी न ओढायची तंबाखू वापरणाऱ्या आयांची बाळे सरासरी १०५ ग्रॅम कमी वजनाची निघाली. म्हणून ही आशाताई बचत गटाच्या बैठकीत, हिशेब संपल्यावर, दार लोटून घेऊन तो विषय काढते. तिथे सासवा वेगळ्या आणि सुना वेगळ्या बसतात. ‘‘नावं लिहीत नाही, म्हणून बोलत्यात,’’ ती म्हणाली.

रात्री विद्यार्थ्याच्या ओसरीवर आडवे झाल्यावर दादा बराच वेळ जागे होते. मला म्हणाले, ‘‘वर्गात मी छडी मारली तेव्हा या पोराने एकदा तरी सोडली होती का रे?’’ उत्तर त्यांनाही ठाऊक होते.

खरोखर, सोडवणुकीची ही वाट आपल्याकडे अनेकांनी मळली आहे. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने मुक्तांगण सुरू केले. आरंभ गर्दच्या आणि दारूच्या व्यसनाने झाला. पण व्यसनी माणूस हा आजारी माणूस आहे, त्याला गोलात बसवून बोलू द्यावे, आणि त्याच्या बायकोलाही बोलायला जागा द्यावी, हा धडा साऱ्या महाराष्ट्राने तिथून घेतला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने २०१६ पासून सरकार आणि टाटा ट्रस्टच्या साथीने ‘मुक्तिपथ’ चालवले. तिकडचा खर्रा आणि दारू यांच्याशी गावागावांच्या संघटनांनी झुंज घेतली आणि तालुक्याच्या ठिकाणी उपचारकेंद्रे उभी राहिली. म्हणजे औषध आणि गाव, दोन्ही हवे.

कायदेही झाले, नाही असे नाही. २००३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकणे आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तिचे दुकान थाटणे हा गुन्हा ठरला. २०१२ च्या जुलैत महाराष्ट्राने गुटख्यावर बंदी आणली. पण जहांगीराचा अनुभव लक्षात घेता, कायदा दुकानाचे दार लावू शकतो. तलफेचे दार आतून लावायचे असते.

त्यासाठी माणसे मदत मागतात का? मागतात, पण त्यांना विचारणारे थोडे. त्याच पाहणीत देशातल्या न ओढणाऱ्या, म्हणजे खाणाऱ्या-लावणाऱ्या माणसांपैकी निम्म्यांनी सोडण्याचा विचार असल्याचे सांगितले. परंतु जे डॉक्टरांकडे किंवा दवाखान्यात गेले होते, त्यांपैकी ‘सोडा’ असा सल्ला मिळाला तो शंभरात बत्तिसांना. ओढणाऱ्यांत तो जवळजवळ एकोणपन्नास जणांना मिळाला होता. खोकणारा नजरेत भरतो, गालात धरणारा भरत नाही. आणि जागतिक आरोग्य संघटना सांगते, की कसल्याही आधारावाचून केलेल्या शंभर प्रयत्नांपैकी चारच टिकतात. जाणकाराचे मार्गदर्शन आणि योग्य औषध मिळाले तर यशाची शक्यता दुपटीहून अधिक वाढते. आमच्या घरी वहिनींच्या रडण्याने, मुलींच्या शपथांनी जे झाले नाही त्याला दादांचा नादानपणा कारण नव्हता. शंभरातल्या शहाण्णवांचे तेच होते.

फोनवरून असा आधार द्यायची सरकारी सोय २०१६ साली दिल्लीला सुरू झाली. पुढे मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाकडूनही ती मिळू लागली. १८००-११-२३५६ हा तिचा क्रमांक. फोनला पैसे पडत नाहीत. २०१८ च्या सप्टेंबरपासून तो प्रत्येक पुडीवर छापलेला असतो. म्हणजे विष आणि उतारा एकाच कागदात बांधून मिळतात. पण पुडी फोडणारा ती वाचीत नाही. तो क्रमांक घरच्यांनीच वाचून लावून द्यावा.

दुसऱ्या दिवशी आम्ही परभणीला आलो. त्यानंतरची हकिकत सांगितली पाहिजे, नाही तर हा लेख गोड गोष्टींच्या पुस्तकातला वाटेल. सव्वीसाव्या दिवशी दादा एका स्नेह्याच्या तेराव्याला गेले. ओसरीवर सारे जुने शिक्षक, मध्ये चंची, आणि जो गेला त्याच्या आठवणी. दादांनी चिमूट घेतली. घरी येऊन त्यांनी वहिनींना सांगितले नाही, मला सांगितले नाही. हट्ट्याला फोन केला. पलीकडून क्षणभर शांतता, मग विद्यार्थ्याचा आवाज : ‘‘गुरुजी, एक गणित चुकलं म्हणून कोणी शाळा सोडतं का? उद्या सत्तावीस मोजा.’’ चाळीस वर्षे हेच वाक्य दादा मुलांना सांगत आले होते. त्यांनी सत्तावीस मोजले.

आज हे लिहिताना दादांचे सत्तर दिवस झाले आहेत. तोंडात अजून दोनच बोटे जातात. आखडलेला गाल पूर्ववत होईलच असे डॉक्टर म्हणत नाहीत. तपासणीला दर महिन्याला जायचे आहे. तिखटाचा घास अजून झोंबतो. वहिनी आता रडत नाहीत आणि विचारीतही नाहीत. रोज सकाळी कोमट पाण्याचा तांब्या अंगणातल्या कट्ट्यावर ठेवतात आणि स्वतःही त्यांच्याबरोबर दहा चकरा घालतात. बारवेला खाली जाणाऱ्या जितक्या पायऱ्या आहेत तितक्याच वर येणाऱ्याही आहेत, हे हट्ट्याला पाहून आलो आहोत. वर येताना दम लागतो, मधल्या टप्प्यावर बसावे लागते, एवढेच.

आता दिवाळीत घरोघर माणसे फराळाला येतील. चकल्या-अनारसे झाल्यावर तबक पुढे येईल. त्यात पानसुपारी मांडण्याची आपली जुनी रीत आहे. सुपारीही कर्करोगाला कारण होते, हे आता शास्त्राने सिद्ध केले आहे. तेव्हा तबकात या खेपेला बडीशेप, वेलदोडा, लवंग एवढेच असू द्या. आणि आलेल्यांत कोणी काका, कोणी मामा, कोणी मुलाचा मित्र असा निघेल की जो जरा चुळबुळ करील, हात चोळील, सारखा बाहेर डोकावील. त्याला उपदेश करू नका, शपथ घालू नका, कितवा दिवस म्हणून चारचौघांत विचारू नका. सोयाबीनचा भाव तुम्हांला ठाऊक नसला तर दुसरे काही बोला. दहा मिनिटे बोला. आणि तो निघताना त्याला म्हणा, उद्याही या.